इंग्रजी क्रियापदांचे काळ आणि मराठी विद्यार्थी

(भोपाळ येथे मराठी भाषक शिक्षक, पालक आणि शासकीय कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



शेतकऱ्याच्या घरी येणाऱ्या बियाण्याच्या पिशवीवर पुष्कळदा इंग्रजीत एक इशारा छापलेला असतो. त्याचे पूर्ण वाक्य केले, तर ते असे होईल : ‘धिस सीड हॅज बीन ट्रीटेड विथ पॉयझन.’ म्हणजे या बियाण्यास विषारी औषध चोळले आहे. औषध चोळण्याची क्रिया केव्हाच होऊन गेली. परंतु तिचा परिणाम पिशवीतील दाण्यावर या घटकेसही आहे, आणि म्हणूनच तो दाणा पेरावयाचा, दळावयाचा नाही. क्रिया मागची आणि परिणाम आजचा, हे सांगण्याचे काम ‘हॅज बीन’ हे दोन लहानसे शब्द करतात. मराठीत तेच काम ‘चोळले आहे’ यातील ‘आहे’ करतो. ‘चोळले होते’ असे कोणी म्हटले, तर ऐकणारा लगेच विचारील, ‘मग आता धुऊन काढले काय?’

क्रियापदाच्या काळाचा व्यवहाराशी असा निकटचा संबंध आहे. शाळेत मात्र हा विषय बारा काळांच्या तक्त्याच्या रूपाने येतो. विद्यार्थी तो तक्ता पाठ करतो, परीक्षेत उतरवितो आणि परीक्षा संपताच विसरतो. पुढे अर्ज लिहिताना, मुलाखतीत उत्तर देताना किंवा कचेरीतील टिपणी वाचताना तोच विद्यार्थी अडखळतो. हा दोष त्याच्या बुद्धीचा नाही. काळाची जाणीव त्याला नव्याने द्यावी लागत नाही, कारण ती त्याच्या मातृभाषेत पुरेपूर आहे. मराठी आणि इंग्रजी यांच्या वाटा कोठपर्यंत एक आहेत आणि कोणत्या ठिकाणी त्या फुटतात, एवढेच त्याला दाखवून द्यावयाचे असते. अशी ठिकाणे मोजकी आहेत, आणि त्यांचा परिचय करून देणे हाच या भाषणाचा हेतू आहे.

भोपाळ आणि मराठी कुटुंबे

या विषयाचा विचार भोपाळमध्ये होणे अनेक दृष्टींनी उचित आहे. इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार या मध्य भारतातील संस्थानांच्या नगरांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ येथे आली. त्यावेळी नागपूरच्या सचिवालयातील अनेक मराठी कर्मचारी बिऱ्हाडासह या शहरात आले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यानेही देशाच्या निरनिराळ्या भागांतील तंत्रज्ञांना व कामगारांना येथे आणले. या कुटुंबांतील मूल घरी मराठी बोलते, रस्त्यावर व बाजारात हिंदी बोलते आणि शाळेत इंग्रजी शिकते.

श्यामला हिल्सवरील क्षेत्रीय शिक्षण संस्थेच्या कार्यक्षेत्रात मध्य प्रदेशाबरोबर महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा ही राज्येही येतात. त्यामुळे महाराष्ट्रातील शिक्षकांचाही भोपाळशी प्रशिक्षणाच्या निमित्ताने संबंध येतो. महाराष्ट्रात २००० सालापासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. म्हणजे जो प्रश्न पूर्वी माध्यमिक शाळेतील इंग्रजीच्या शिक्षकापुरता होता, तो आज खेड्यातील प्रत्येक प्राथमिक शिक्षकाचा झाला आहे.

मराठीच्या आधारे इंग्रजी शिकविण्याची आपली परंपरा जुनी आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली निघाले. दोन भाषांतील वाक्ये शेजारी शेजारी ठेवून शिकविणारी तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’ तर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या हातात होती. आता वर्गात इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, असा आग्रह धरला जातो. श्रवण आणि संभाषण यांसाठी तो योग्यही आहे. परंतु चूक नेमकी कोठून येते हे समजावून सांगावयाचे असेल, तेव्हा मातृभाषेचा दिवा विझवून ठेवण्यात काही शहाणपण नाही.

क्रियापदाची घडण

प्रथम एक दिलाशाची गोष्ट. घडणीच्या दृष्टीने इंग्रजी क्रियापद मराठीपेक्षा कितीतरी सोपे आहे. मराठीतील ‘लिहिणे’ या एका क्रियापदाची लिहितो, लिहिते, लिहितोस, लिहितात, लिहिला, लिहिली, लिहिले, लिहीन, लिहील, लिहावे अशी किती तरी रूपे होतात. लिंग, वचन, पुरुष यांप्रमाणे ती बदलतात, आणि भूतकाळात तर कर्माप्रमाणेही बदलतात. मुलगा पत्र ‘लिहितो’, पण त्याने पत्र ‘लिहिले’, चिठ्ठी ‘लिहिली’ आणि अर्ज ‘लिहिला’. पाच वर्षांचे मराठी मूल हे सर्व न चुकता बोलते. इंग्रजीत याच क्रियापदाची रूपे पाचच आहेत : राइट, राइट्स, रोट, रिटन आणि रायटिंग. ज्या मुलाने मराठीचा डोंगर चढून दाखविला आहे, त्याला ही टेकडी अवघड वाटण्याचे कारण नाही.

या पाच रूपांना साहाय्यक क्रियापदांची जोड मिळाली, की सर्व काळ तयार होतात. ‘बी’ची रूपे, म्हणजे ॲम, इज, आर, वॉज, वेअर, ही ‘इंग’ लागलेल्या रूपापूर्वी आली, की क्रिया चालू असल्याचे कळते : ‘ही इज रायटिंग’, तो लिहीत आहे. ‘हॅव’, ‘हॅज’ किंवा ‘हॅड’ हे तिसऱ्या रूपापूर्वी आले, की क्रिया पूर्ण झाल्याचे कळते : ‘ही हॅज रिटन’, त्याने लिहिले आहे. दोन्ही एकत्र आली, की क्रिया मागपासून चालत आलेली आहे असे कळते : ‘ही हॅज बीन रायटिंग’. या शेवटच्या रचनेची विद्यार्थ्यांना विशेष भीती वाटते. पण मराठीत ‘तो दहा वर्षे लिहीत आला आहे’ असे आपण सहज म्हणतो. ‘लिहीत आला आहे’ आणि ‘हॅज बीन रायटिंग’ यांचा अर्थ जवळजवळ एकच आहे.

येथपर्यंत समजले, की बारा काळांचा तक्ता पाठ करावा लागत नाही. साधा, चालू, पूर्ण आणि चालू-पूर्ण या चार अवस्था आणि वर्तमान, भूत व भविष्य हे तीन काळ यांच्या गुणाकारातून बारा घरे आपोआप तयार होतात. एक भेद तेवढा लक्षात ठेवावा. मराठीत ‘जाईन’, ‘जाशील’, ‘जाईल’ असे भविष्यकाळाचे स्वतंत्र प्रत्यय आहेत. इंग्रजीत भविष्यकाळाचा असा प्रत्यय नाही. तेथे ‘विल’ किंवा ‘शॅल’ या शब्दांची मदत घ्यावी लागते.

अनियमित रूपांचाही विद्यार्थ्यांना धाक वाटतो. ‘गो’चे ‘वेन्ट’ कसे होते, असे ते विचारतात. अशा वेळी शिक्षकाने उलट विचारावे, ‘जा’चे ‘गेला’ कसे होते? संस्कृतातील ‘या’ धातूपासून ‘जाणे’ आले आणि ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपापासून ‘गेला’ आले. दोन धातूंचा असा संसार मराठीने एका क्रियापदात मांडला. इंग्रजीतही तेच घडले. ‘वेन्ट’ हे मुळात ‘वेन्ड’ या वेगळ्या क्रियापदाचे भूतकाळी रूप. ते ‘गो’च्या घरी येऊन राहिले. ये-आला, कर-केला, दे-दिला, घे-घेतला ही मराठी रूपे मुलांनी तक्त्यावरून पाठ केलेली नाहीत. ती वापरातून आली. इंग्रजी रूपेही वाक्यांच्या वापरातूनच पक्की होतात.

उच्चाराच्या बाबतीत तर देवनागरी लिपीची चांगली मदत होते. नियमित क्रियापदांच्या भूतकाळी रूपाचे शेपूट लिहिताना एकच असले, तरी त्याचे उच्चार तीन आहेत : ‘वॉक्ट’, ‘कॉल्ड’ आणि ‘वॉन्टिड’. मूळ क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड असेल, तरच ‘इड’ असा स्वतंत्र उच्चार होतो. ‘वॉकेड’, ‘कॉलेड’ असे वाचणाऱ्या मुलाला फळ्यावर हे तीन शब्द देवनागरीत लिहून दाखविले, की चूक त्याची त्यालाच उमगते.

नकारार्थी वाक्याचा धडा

‘ही डिड नॉट वेन्ट’ ही मराठी व हिंदी भाषक विद्यार्थ्यांची नेहमीची चूक. ती का होते? मराठीत आपण म्हणतो, ‘तो गेला’ आणि ‘तो गेला नाही’. नकार आला, तरी ‘गेला’ जसाच्या तसा राहतो. तेव्हा विद्यार्थी इंग्रजीतही ‘वेन्ट’ तसाच ठेवतो.

पण मराठीच्याच वर्तमानकाळाकडे पाहावे. ‘तो जातो’ याचा नकार ‘तो जातो नाही’ असा होत नाही. ‘तो जात नाही’ असा होतो. ‘ते जातात’ याचा नकार ‘ते जात नाहीत’. येथे क्रियापदाने आपला प्रत्यय खाली ठेवला आणि तो भार ‘नाही’ने उचलला. इंग्रजीची पद्धत नेमकी हीच आहे. ‘ही गोज’ याचा नकार ‘ही डज नॉट गो’ : ‘गोज’मधील भार ‘डज’ने उचलला. ‘ही वेन्ट’ याचा नकार ‘ही डिड नॉट गो’ : भूतकाळाचा भार ‘डिड’ने उचलला. एका बैलाने ओझे घेतल्यावर दुसऱ्याच्या पाठीवर पुन्हा तेच ओझे लादावयाचे नसते. ‘जात नाही’ या दोन शब्दांवरून हा नियम शिकविला, तर वर्षभर चूक खोडत बसावे लागत नाही.

वाटा जेथे फुटतात

आता ज्या ठिकाणी दोन भाषा एकमेकींपासून दूर जातात, ती ठिकाणे पाहू.

पहिले ठिकाण साध्या वर्तमानकाळाचे. ‘मी जातो’ हे मराठी वाक्य नेहमीची सवयही सांगते आणि आत्ताची क्रियाही सांगते. ‘मी रोज शेतात जातो’ आणि ‘बरं, मी जातो आता’ यांत क्रियापदाचे रूप एकच आहे. इंग्रजी या दोहोंत काटेकोर भेद करते. सवयीसाठी ‘आय गो’, आणि आत्ता निघालेल्यासाठी ‘आय ॲम गोइंग’. निरोप घेताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणण्याची आपली रीत तर इंग्रजीत शब्दशः नेताच येत नाही. आणि हाक आल्यावर आपण ‘आलोच!’ असे भूतकाळी रूप वापरतो, तेव्हा पाय अजून ओटीवरच असतो. इंग्रजीत त्या जागी ‘आय ॲम कमिंग’ असेच म्हणावे लागते.

दुसरे ठिकाण ‘पासून’ या शब्दाचे. ‘मी दहा वर्षांपासून भोपाळमध्ये राहतो’ हे शुद्ध मराठी वाक्य आहे. ‘मैं दस साल से भोपाल में रह रहा हूँ’ हे शुद्ध हिंदी वाक्य आहे. दोन्ही भाषा वर्तमानकाळच वापरतात, आणि येथील विद्यार्थ्याला त्या दोन्ही एकाच बाजूला ओढतात. परिणामी तो ‘आय ॲम लिव्हिंग इन भोपाळ सिन्स टेन इयर्स’ असे लिहितो. इंग्रजीचे म्हणणे असे की, राहणे मागे सुरू झाले आणि आजवर चालत आले. म्हणून ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ असे म्हणावयास हवे. शिवाय मराठीच्या एका ‘पासून’साठी इंग्रजीत दोन शब्द आहेत. मुदत सांगावयाची असेल, तर ‘फॉर टेन इयर्स’. आरंभाची खूण सांगावयाची असेल, तर ‘सिन्स १९५६’.

तिसरे ठिकाण ‘आहे’चे. ‘मला माहीत आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’ या वाक्यांतील ‘आहे’मुळे विद्यार्थी ‘आय ॲम नोइंग’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ असे म्हणतो. जाणणे, असणे, आवडणे, समजणे या क्रिया नव्हेत, त्या स्थिती आहेत. आणि इंग्रजी अशा स्थितींना सहसा चालू काळ लावीत नाही. तेथे ‘आय नो’, ‘आय हॅव’ एवढेच पुरे.

चौथे ठिकाण कचेरीतील पत्रव्यवहारात वारंवार आढळते. ‘आपले पत्र मला काल मिळाले आहे’ असे मराठीत चालते. इंग्रजीत ‘हॅव रिसीव्ड’ आणि ‘येस्टरडे’ ही दोन एका वाक्यात नांदत नाहीत. ‘हॅव’ आजचा परिणाम सांगतो. ‘येस्टरडे’ने क्रिया कालच्या दिवसाला बांधून टाकली. तारीख सांगावयाची असेल, तर ‘आय रिसीव्ड युवर लेटर येस्टरडे’. केवळ पत्र हाती आहे एवढेच कळवावयाचे असेल, तर ‘आय हॅव रिसीव्ड युवर लेटर’.

पाचवे ठिकाण अटीचे आणि ‘जेव्हा’चे. ‘पाऊस पडला तर पीक येईल’ यात पाऊस अजून पडावयाचा आहे, तरी मराठी ‘पडला’ असे भूतकाळी रूप वापरते. इंग्रजी त्याच जागी साधा वर्तमानकाळ वापरते : ‘इफ इट रेन्स’. ‘तो येईल तेव्हा मी सांगेन’ यात मराठी दोन्हीकडे भविष्यकाळ ठेवते. इंग्रजी मात्र ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम’ असे एकाच ठिकाणी ‘विल’ वापरते. ‘इफ’ आणि ‘व्हेन’च्या पोटवाक्यात भविष्याच्या अर्थाने ‘विल’ घालण्याची सवय मोडली, की बहुतेक चुका टळतात.

सहावे ठिकाण ‘होता’चे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. ‘गेल्या वर्षी मी मुंबईला गेलो होतो’ असे आपण म्हणतो, आणि त्याचे इंग्रजी ‘आय हॅड गॉन टू बॉम्बे लास्ट इयर’ असे करतो. मराठीत ‘होतो’ने गोष्ट थोडी मागे पडलेली आहे, एवढेच सुचते. इंग्रजीत ‘हॅड गॉन’ म्हटले, की ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहतो : कशाच्या आधी गेला होता? भूतकाळातील एका घटनेच्याही आधी दुसरी घटना घडलेली असेल, तेव्हाच ‘हॅड’ येतो. एरवी ‘आय वेन्ट’ एवढेच पुरते.

घटनांचा क्रम आणि जबाबदारी

‘हॅड’चे महत्त्व भोपाळकरांना वेगळे सांगावयास नको. २ आणि ३ डिसेंबर १९८४ यांच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीतून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू निसटला आणि झोपेत असलेल्या हजारो माणसांचे प्राण गेले. ही घटना इंग्रजीत सांगणाऱ्याने कोणता काळ वापरला, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

‘द गॅस एस्केप्ट’ म्हणजे वायू निसटला. हा साधा भूतकाळ. घटना एका रात्रीत घडली. ‘पीपल वेअर स्लीपिंग’ म्हणजे लोक झोपले होते, निद्रा चालू होती. हा चालू भूतकाळ. हे रसायन थंड ठेवावयाचे असते, आणि ते थंड ठेवणारी यंत्रणा त्या रात्रीच्या काही महिने आधीपासून बंद होती. आता दोन वाक्ये पाहावीत. ‘व्हेन द गॅस एस्केप्ट, द युनिट वॉज शट डाउन’ असे लिहिले, तर वाचणारा असा अर्थ घेऊ शकतो की, वायू निसटला तेव्हा यंत्रणा बंद करण्यात आली. म्हणजे कोणीतरी तत्परतेने काळजी घेतली. ‘व्हेन द गॅस एस्केप्ट, द युनिट हॅड बीन शट डाउन’ असे लिहिले, तर संदेह राहत नाही : वायू निसटण्याच्या आधीच ती बंद करून ठेवलेली होती. एका शब्दाच्या फरकाने काळजी आणि हयगय यांची अदलाबदल होते. चौकशीचा अहवाल, पंचनामा, जबाब आणि निकालपत्र यांत ‘हॅड’ जेथे हवा तेथेच का असावा लागतो, हे यावरून समजावे.

पुढची गोष्टही काळांतूनच उलगडते. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली; ती साध्या भूतकाळात सांगावयाची घटना आहे, कारण तिला तारीख आहे. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका त्या न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली. तीही साध्या भूतकाळात. परंतु ज्यांच्या फुप्फुसांत आणि डोळ्यांत त्या रात्रीचे दुखणे राहिले, त्यांच्याविषयी ‘दे सफर्ड’ असे लिहून पूर्णविराम देता येत नाही. ‘दे हॅव बीन सफरिंग सिन्स १९८४’ असेच लिहावे लागते, कारण दुखणे चालत आले आहे. कारखान्याच्या आवारातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूर येथे हलविण्यात आला आणि त्याच वर्षी जाळण्यात आला. ‘द वेस्ट हॅज बीन रिमूव्हड’ हे वाक्य त्यामुळे खरे आहे. पण ते हलविलेल्या कचऱ्यापुरतेच खरे आहे. आवारातील माती आणि भोवतालचे भूजल स्वच्छ झाले, असा अर्थ त्यातून काढता येणार नाही.

या दुर्घटनेसंबंधीच्या लेखनात आणखी एका गोष्टीची नोंद आहे. कारखान्यातील कामाच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या आणि ज्यांना त्या वापरावयाच्या होत्या, त्यांपैकी अनेकांचे इंग्रजीचे ज्ञान बेताचे होते. दुर्घटनेची कारणे यंत्रसामग्रीच्या देखभालीत आणि व्यवस्थापनात शोधावी लागतात. तिचे खापर कामगारांच्या भाषेवर फोडणे अन्यायाचे होईल. सूचना कामगाराच्या भाषेत देणे हे कारखान्याचे कर्तव्यच होय. तथापि जेथे अशा सूचना अजूनही इंग्रजीत लावल्या जातात, तेथे ‘चेक दॅट द व्हाल्व्ह हॅज बीन क्लोज्ड’ आणि ‘द व्हाल्व्ह विल बी क्लोज्ड’ यांतील अंतर वाचणाऱ्याला कळलेच पाहिजे. पहिल्या वाक्यात झडप बंद झालेली असल्याची खात्री करून घ्यावयाची आहे. दुसऱ्यात ती अजून उघडीच आहे.

वर्गात काय करावे

शिक्षकांनी पुढील गोष्टी करून पाहाव्यात. त्यांना पैसा लागत नाही आणि वेगळा तासही लागत नाही.

काळ शिकविताना सुटे वाक्य देण्याऐवजी प्रसंग द्यावा. गावच्या फलकावर, ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात, दूध संस्थेच्या वहीत रोज लहानसहान नोंदी होत असतात : विहीर साफ केली, विहीर साफ होत आहे, विहीर साफ केली आहे, विहीर साफ करावयाची आहे. या चार नोंदी वाचून पाणी भरावयास जावे की न जावे, हे विद्यार्थ्यांना विचारावे. उत्तर आले, की मगच इंग्रजी वाक्ये फळ्यावर लिहावीत. काळ हा पाणी भरण्याशी संबंधित विषय आहे, हे एकदा मुलांना पटले, की त्याचे नाव लक्षात राहते.

दुसरे असे की, विद्यार्थ्याची चूक दुरुस्त करताना ती मराठीच्या किंवा हिंदीच्या कोणत्या वाक्यातून आली, ते शोधून काढावे. ‘सिन्स टेन इयर्स’ ही चूक निष्काळजीपणाची नसते. ती ‘दहा वर्षांपासून’चे प्रामाणिक भाषांतर असते. हे मुलाला सांगितले, की त्याला लाज वाटत नाही आणि पुढच्या वेळी तो आपणहून थांबून विचार करतो.

तिसरे, बारा काळ एकाच महिन्यात उरकण्याची घाई करू नये. साधा वर्तमान, चालू वर्तमान, साधा भूत आणि ‘विल’चा भविष्य या चारांवर रोजचे बहुतेक बोलणे भागते. त्यांचा पाया पक्का झाल्यावर ‘हॅव’चा काळ आणि सर्वांत शेवटी ‘हॅड’चा काळ घ्यावा. ‘विल हॅव बीन डुइंग’ यासारखी रूपे ओळखता आली तरी पुरे. त्यांच्या पाठांतरावर गुण ठेवून मुलांना घाबरविण्यात लाभ नाही.

कर्मचाऱ्यांनी इंग्रजीत पत्र लिहून झाल्यावर प्रत्येक ‘हॅव’जवळ तारीख तर आली नाही ना, आणि प्रत्येक ‘हॅड’जवळ दुसरी भूतकाळी घटना आहे ना, एवढे दोनच प्रश्न स्वतःला विचारावेत. टपाल जाण्यापूर्वीच्या या दोन मिनिटांनी पुढचा स्मरणपत्रांचा व्यवहार वाचेल. आणि ज्याच्या हाती ते पत्र पडणार आहे, त्या अर्जदाराचे काम झाले आहे, होत आहे की व्हावयाचे आहे, हे त्याला पहिल्याच वाचनात समजेल.

पालकांविषयी एक शब्द. इंग्रजी चांगले यावे म्हणून घरातील मराठी बंद करण्याकडे काही कुटुंबांचा कल दिसतो. भोपाळसारख्या शहरात तर मराठी आधीच चार भिंतींच्या आत उरते. परंतु वर पाहिले त्याप्रमाणे ‘जात नाही’ ज्याला येते, त्यालाच ‘डज नॉट गो’ लवकर समजते. आणि ‘लिहीत आला आहे’ हे ज्याच्या कानावर आहे, त्याला ‘हॅज बीन रायटिंग’ परके वाटत नाही. आजीने सांगितलेल्या गोष्टीत ‘एक राजा होता’ आणि ‘तो रोज शिकारीला जात असे’ ही वाक्ये ऐकलेल्या मुलाला घटना आणि सवय यांतील भेद कोणी शिकवावा लागत नाही. तेव्हा घरी मराठी मोकळेपणाने बोलावी, मुलांकडून दिवसभरातील हकीकत मराठीत क्रमाने सांगवून घ्यावी, आणि तीच हकीकत आठवड्यातून एकदा इंग्रजीत पाच वाक्यांत लिहवून घ्यावी. हा उपक्रम येत्या सत्रापासून प्रत्येक शाळेत व प्रत्येक घरी सुरू व्हावा, अशी अपेक्षा आहे.